लेखणी आणि सबबी

काही लिहावे असे ज्यांना वाटते अशी माणसे पुष्कळ असतात. प्रत्यक्ष लिहिणारी मात्र थोडी आढळतात. मामांना पत्र धाडावयाचे असते, सहलीची हकीकत टिपून ठेवावयाची असते, आजीने सांगितलेली जुनी आठवण वहीत उतरवून घ्यावयाची असते. परंतु आजचे उद्यावर जाते आणि उद्याचे परवावर. असे का झाले म्हणून विचारावे, तर उत्तरे तयारच असतात. वेळ मिळत नाही. घरात निवांत जागा नाही. काय लिहावे ते सुचत नाही. भाषा पुस्तकासारखी शुद्ध नाही. आणि शिक्षण तरी कोठे एवढे झाले आहे! 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण मराठीत उगाच रूढ झालेली नाही. तथापि एवढ्यावरून न लिहिणाऱ्याची थट्टा करणेही योग्य नव्हे. अंगण कधी कधी खरोखरच वाकडे असते. वेळ नसतो, जागा नसते, शिक्षण नसते, हे पुष्कळांच्या बाबतीत अगदी खरे असते. मग अंगण वाकडे असताही काही जण लिहितात आणि काही जण लिहीत नाहीत, याचे कारण काय असावे?

याचे उत्तर शोधण्यापूर्वी अडचण आणि सबब यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. दोन्ही दिसावयास सारख्याच असतात. परंतु त्या ओळखण्याची एक सोपी खूण आहे. अडचण दूर झाली म्हणजे काम सुरू होते. सबब दूर झाली म्हणजे तिच्या जागी दुसरी सबब येऊन बसते. एखादा मुलगा जवळ वही नाही म्हणून लिहीत नाही. वही मिळताच तो लिहू लागला, तर वहीचा अभाव ही त्याची अडचण होती. परंतु वही मिळाल्यावर त्याला चांगली लेखणी हवीशी वाटली, लेखणी मिळाल्यावर शांतता हवीशी वाटली आणि शांतता मिळाल्यावर डोळ्यांवर झापड आली, तर ती वहीही सबब होती आणि ती शांतताही सबबच होती. अडचण बाहेर असते. सबब मनात असते. अडचणीला उपाय बाहेर शोधावा लागतो, तर सबबीचा उपाय मनातच शोधावा लागतो.

हा भेद समजून घेण्यास चिमूर या गावाची आठवण फार उपयोगी पडते. चिमूर हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. उमा नदीच्या परिसरात ते वसले आहे. तेथील बालाजीचे देवस्थान प्रसिद्ध असून माघ महिन्यात भरणाऱ्या घोडायात्रेस दूरदूरचे लोक येतात. गावाभोवती धानाची शेती आहे आणि तालुक्याच्या एका बाजूस ताडोबाचे अरण्य पसरले आहे. विद्यापीठे, ग्रंथालये आणि छापखाने येथून दूर. लेखनाला अनुकूल स्थळ कोणते, असे कोणी विचारले असते, तर पूर्वीच्या काळी कोणाच्याही तोंडी चिमूरचे नाव आले नसते. तरीही या परिसराशी ज्यांचे जीवन निगडित झाले, त्यांपैकी एका पुरुषाने मराठीला एक मोठा ग्रंथ दिला. ते म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. त्यांचे मूळ नाव माणिक. घरची स्थिती गरिबीची होती. प्राथमिक शाळेच्या तीनचार इयत्तांपलीकडे त्यांचे शिक्षण गेले नाही. वरखेड येथील आडकोजी महाराजांना त्यांनी गुरू मानले. पुढे लहान वयातच ते घर सोडून निघाले आणि चिमूरच्या भोवतालच्या रानांत राहिले. चिमूर तालुक्यातील गोंदेडा हे गाव त्यांची तपोभूमी म्हणून आजही ओळखले जाते. रानातून ते परत आले, ते खंजिरी हाती घेऊनच. खंजिरीच्या तालावर ते भजने म्हणत आणि ती भजने बहुधा त्यांनी स्वतःच रचलेली असत. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत त्यांनी विपुल रचना केली. आपले शिक्षण झालेले नाही, ही सबब त्यांना सहज सांगता आली असती. ती कोणीही मान्य केली असती. परंतु समोर बसलेल्या खेडुतांना काही सांगावयाचे आहे, ही गोष्ट त्यांच्या मनात इतकी प्रबळ होती, की आपल्याजवळ काय नाही याचा हिशेब करण्यास तेथे अवसरच उरला नाही.

या सांगण्यातूनच पुढे 'ग्रामगीता' हा ग्रंथ निर्माण झाला. १९५५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात ४१ अध्याय आणि ४६७५ ओव्या आहेत. आकडा मोठा आहे. परंतु आकड्याहून अधिक लक्षणीय आहे ती विषयांची निवड. ग्रामशुद्धी, ग्राम-आरोग्य, गोवंशसुधार, महिलोन्नती, जीवनशिक्षण अशी या ग्रंथातील काही अध्यायांची नावे आहेत. गावातील घाण कशी काढावी, श्रमाला प्रतिष्ठा कशी यावी, मुलांना कोणते शिक्षण द्यावे, या गोष्टी ओवीसारख्या जुन्या, सर्वांच्या ओठी असलेल्या छंदात महाराजांनी मांडल्या. विषय शोधण्यासाठी ते कोठे दूर गेले नाहीत. ज्या गावांतून ते हिंडले, तीच गावे त्यांचा विषय झाली. ज्यांच्यासाठी लिहावयाचे ते लोक वाचण्यापेक्षा ऐकण्यास सरावलेले होते. म्हणून त्यांनी कानांना रुचेल असा छंद घेतला. ज्यांच्या शाळेने तीनचार इयत्तांनंतर निरोप घेतला, त्यांचेच नाव २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला देण्यात आले, ही गोष्ट शिक्षणाची सबब सांगणाऱ्याने आठवणीत ठेवावी.

येथे कोणी म्हणेल, की ते संत होते. सामान्य माणसाला विषय सुचत नाही त्याचे काय? विषय सुचत नाही असे म्हणणाऱ्याची बहुधा एक चुकीची समजूत असते. विषय म्हणजे काही भव्य, दूरचे, पूर्वी कोणी न पाहिलेले असे त्याला वाटते. वास्तविक ज्याला जे रोज दिसते, तेच दुसऱ्याला नवे असते. चिमूरच्या परिसरातील मुलाने रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत उभे राहून काय काय करावे लागते ते लिहिले, तर मुंबईच्या मुलाला ते अपूर्व वाटेल. पहाटे मोहफुले वेचावयास जाणे, उन्हाळ्यात तेंदूपानांच्या जुड्या बांधणे, वाघाच्या भीतीने सांजेच्या आत गुरे घरी आणणे, यांपैकी प्रत्येक गोष्ट लेखाचा विषय आहे. ती लिहावयास कल्पनाशक्तीपेक्षा लक्षपूर्वक पाहण्याची सवय अधिक लागते.

ही सवय माणसाला कोठपर्यंत नेते, हे मारुती चितमपल्ली यांच्या उदाहरणावरून दिसते. त्यांचा जन्म १९३२ मध्ये सोलापूर येथे झाला. वनखात्याची नोकरी करीत असताना विदर्भातील अरण्यांत त्यांची अनेक वर्षे गेली. रानात जे दिसे ते टिपून ठेवावे, रानात राहणाऱ्या लोकांकडून पाखरांची आणि झाडांची नावे विचारून घ्यावी, असा त्यांचा परिपाठ होता. अशा टिपणांतून त्यांची पुस्तके आकाराला आली आणि 'पक्षीकोशा'सारखा ग्रंथ सिद्ध झाला. सोलापूर येथे २००६ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये पद्मश्रीचा सन्मान त्यांना मिळाला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. मोठा ग्रंथ लिहावयाचा म्हणून ते रानात गेले नव्हते. नोकरीच्या निमित्ताने गेले आणि रोजच्या टिपणांना कंटाळले नाहीत, एवढेच.

भाषेची सबब याहून अधिक नाजूक आहे. कारण तिच्या मुळाशी लाज असते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागाला झाडीपट्टी म्हणतात आणि तेथील बोलीला झाडीबोली. या बोलीत 'ण'च्या ठिकाणी 'न' ऐकू येतो आणि कित्येक शब्द असे आहेत, की ते पुण्यामुंबईच्या माणसाला समजावून सांगावे लागतात. शाळेत आलेल्या मुलाला वाटते, की घरी बोलतो ती भाषा अशुद्ध आणि पुस्तकात आहे तीच काय ती खरी. मग तो घरच्या भाषेत लिहीत नाही आणि पुस्तकातील भाषा त्याला अजून साधलेली नसते. अशा कोंडीत लेखणी थांबते. प्रमाण भाषा शिकली पाहिजे, यात शंका नाही. कारण तिच्यामुळे साऱ्या महाराष्ट्राशी बोलता येते. परंतु ती येईपर्यंत मुके राहण्याचे कारण नाही. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्यांनी आपल्या बोलीतच गाणी रचली. ती त्यांच्या घरच्या माणसांनी कागदावर उतरवून घेतली. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. अवघ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. ती उतरवून घेणारा कोणी नसता, तर तेवढे मोठे धन त्यांच्याबरोबरच नाहीसे झाले असते. लिहिता येणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे, की त्याची लेखणी केवळ त्याच्या एकट्याच्या कामाची नसते.

वेळ आणि जागा या दोन सबबी सर्वांत अधिक सांगितल्या जातात. त्यांचा विचार करताना फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे चरित्र पाहावे. त्यांचे लहानसे दुकान होते. माल बांधून देण्यासाठी आणलेल्या रद्दीतील कागद त्या वाचीत. दुकानात गिऱ्हाईक नसे तेवढ्या फावल्या वेळात त्या आपली आणि आपल्या समाजाची हकीकत वहीत लिहीत आणि घरच्यांना कळू नये म्हणून वही लपवून ठेवीत. असे लिहिलेले पुष्कळ वर्षे लपूनच राहिले. अखेर १९८६ मध्ये ते 'जिणं आमुचं' या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील स्त्रीचे जीवन तिच्याच शब्दांत सांगणाऱ्या पहिल्या काही मराठी पुस्तकांत त्याची गणना होते. त्यांना निवांत खोली नव्हती, ठरावीक वेळ नव्हता, उत्तेजन देणारे घर नव्हते. या साऱ्या खऱ्याखुऱ्या अडचणी होत्या. परंतु त्यांनी त्यांची सबब होऊ दिली नाही.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. अवघ्या पाच दिवसांत ते लिहून झाले. पाच दिवसांत एवढे पुस्तक कसे लिहिले, याचे आश्चर्य वाटते. परंतु आईच्या त्या आठवणी गुरुजींनी मनात वर्षानुवर्षे जपलेल्या होत्या. हात पाच दिवस चालला. मन त्यापूर्वी किती तरी वर्षे लिहीत होते. दुसऱ्या टोकाचे उदाहरण इंग्लंडमधील अँथनी ट्रोलोप या कादंबरीकाराचे आहे. तो टपाल खात्यात नोकरीस होता. पहाटे साडेपाच वाजता तो लिहावयास बसे. समोर घड्याळ ठेवी आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द झाले पाहिजेत असा त्याने स्वतःला दंडक घातला होता. अशा रीतीने त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. एकाजवळ भावनेचा पूर होता; दुसऱ्याजवळ घड्याळाची शिस्त होती. लेखनाचे हे दोन मार्ग भिन्न असले, तरी दोघांनीही सोयीच्या काळाची वाट पाहिली नाही, ही गोष्ट सारखीच आहे.

स्फूर्ती आल्याशिवाय लिहिता येत नाही, असेही काही जण म्हणतात. स्फूर्ती म्हणजे पाहुण्यासारखी अवचित येणारी वस्तू, असा त्यांचा समज असतो. चिमूरहून पूर्वेस गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे गाव आहे. झाडीपट्टीच्या रंगभूमीचे ते मोठे केंद्र होय. दिवाळीनंतर धानाची कापणी आटोपत येते, गावोगाव मंडई भरू लागते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. पुढे होळीच्या सुमारापर्यंत खेडोपाडी मंडपांत रात्र रात्र नाटके चालतात आणि हजारो लोक ती पाहतात. या मंडळ्यांना दर हंगामात नवे नाटक लागते आणि ते लिहिणारे लेखक बहुधा याच भागातील असतात. दिवाळी कोणासाठी थांबत नाही. नटांना आपापली भाषणे पाठ करावयाची असतात. अशा वेळी नाटककार स्फूर्तीची वाट पाहत बसला, तर पडदा वर जाणार नाही. म्हणून तो लिहावयास बसतो. आणि बसला म्हणजे पुष्कळदा स्फूर्तीही त्याच्या मागोमाग येऊन बसते. मुदत आणि वाट पाहणारा प्रेक्षक, या दोन गोष्टी लेखकाला जेवढे लिहावयास लावतात, तेवढे एकांत आणि निसर्गशोभाही लावीत नाहीत.

या सर्व उदाहरणांत एक समान धागा आहे. वेळ, जागा, भाषा, शिक्षण, स्फूर्ती या सबबी पुन्हा एकदा वाचून पाहाव्या. माझा वेळ, माझी जागा, माझी भाषा, माझे शिक्षण असा त्यांचा सारा रोख स्वतःकडे असतो. सबब सांगणारा मनुष्य आपल्याकडेच पाहत असतो आणि त्याच्या मनात एकच भीती असते: आपले लिहिणे लोकांना हिणकस वाटेल काय? ज्यांच्या हातून लेखन घडले, त्यांची दृष्टी मात्र दुसरीकडे होती. तुकडोजी महाराज गावाकडे पाहत होते, साने गुरुजी आईकडे आणि बेबीताई आपल्या समाजाकडे. झाडीपट्टीचा नाटककार मंडपात दाटीवाटीने बसणाऱ्या प्रेक्षकांकडे पाहत असतो. काही तरी सांगितले पाहिजे, आणि ते सांगितले नाही तर ते नाहीसे होईल, असे ज्याला तळमळीने वाटते, तो आपल्या उणिवा मोजीत बसत नाही. प्रेरणा म्हणतात ती हीच होय.

चिमूरच्या इतिहासातच याचा एक कठोर दाखला आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'छोडो भारत' चळवळ सुरू झाली. १६ ऑगस्ट रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरचे लोक मिरवणुकीने निघाले. पोलिसांच्या गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा मरण पावला. जमाव खवळला आणि त्याच्या हातून काही अधिकारी व पोलीसही मारले गेले. त्यानंतर गावात सैन्य आले. धरपकड झाली, घरे लुटली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले. तुकडोजी महाराजांनाही त्याच महिन्यात अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. चिमूरच्या स्त्रियांची गाऱ्हाणी खरी की खोटी, याची चौकशी व्हावी, अशी मागणी होऊ लागली. ती मान्य होईना, तेव्हा महात्मा गांधींचे सहकारी प्राध्यापक भणसाळी यांनी उपोषण आरंभिले. नोव्हेंबर १९४२ मध्ये सुरू झालेले हे उपोषण ६३ दिवस चालले आणि १२ जानेवारी १९४३ रोजी संपले.

उपोषण चालू असताना त्याच्या वार्ता छापण्यास सरकारने वृत्तपत्रांना मनाई केली. ही सबब नव्हती. ही खरी अडचण होती. हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा होती. 'आमचा नाइलाज आहे' असे म्हणून संपादकांनी हात झटकले असते, तर त्यांना कोणी फारसा दोष दिला नसता. परंतु जे लिहिले जात नाही ते घडलेच नाही असे मानले जाते, हे ते जाणून होते. त्यांनी दुसरी वाट काढली. ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी त्या मनाईच्या निषेधार्थ अंकच काढला नाही. नव्या वर्षाच्या सरकारी पदव्यांच्या याद्या छापण्याचेही त्यांनी नाकारले. ज्या दिवशी वर्तमानपत्र दारात पडले नाही, त्या दिवशी ते का पडले नाही असे लोक विचारू लागले; आणि त्या प्रश्नाच्या उत्तरात चिमूरचे नाव होते. पुढे उपोषण सुटले तेव्हा ही मनाईही उठविण्यात आली. अडचण खरी असली, म्हणजे ती ओलांडण्यास धैर्य आणि युक्ती लागते. सबबीला एवढे काही लागत नाही. तिच्यासाठी नुसते लिहावयास बसणे पुरते.

मग बसावे कसे? अनुभवी लेखकांच्या रीतींवरून काही गोष्टी सहज निष्पन्न होतात. पहिली अशी, की लिहिणे आणि सुधारणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. ती एकाच वेळी करू नयेत. शेतकरी नांगरतानाच निंदण करीत नाही. पहिल्या वाक्यालाच खाडाखोड सुरू झाली, तर दुसरे वाक्य जन्मालाच येत नाही. प्रथम मनातील सारे कागदावर येऊ द्यावे. शुद्धलेखन, शब्दांची निवड, वाक्यांची मांडणी हे सर्व दुसऱ्या दिवशी पाहावे. दुसरी गोष्ट, काम लहान करून घ्यावे. 'माझे गाव' या विषयावर दहा पाने लिहावयाची म्हटली, म्हणजे छाती दडपते. परंतु गावातील विहिरीवर सकाळी काय घडते, एवढेच अर्धे पान लिहावयाचे असेल, तर लेखणी सहज उचलली जाते. तिसरी गोष्ट, रोजची वेळ ठरवावी, मग ती पंधरा मिनिटांची का असेना. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण धनाइतकीच लेखनालाही लागू आहे. रोज अर्धे पान लिहिणाऱ्याजवळ वर्षाअखेरीस दीडशेहून अधिक पाने जमा होतात.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोणासाठी लिहावयाचे, ते आधी ठरवावे. 'वाचक' हा शब्द फार मोठा आणि पोकळ आहे. त्याला उद्देशून लिहिताना लेखणी अडखळते. परंतु परगावी गेलेल्या भावासाठी, पुढच्या वर्षी याच वर्गात येणाऱ्या मुलांसाठी, डोळे अधू झालेल्या आजोबांना वाचून दाखविण्यासाठी लिहावयाचे ठरले, म्हणजे काय सांगावे आणि कसे सांगावे, हे आपोआप सुचू लागते. पाचवी गोष्ट, लिहून झाले की ते मोठ्याने वाचून पाहावे. जे वाक्य म्हणताना जीभ अडते, ते बहुधा लिहितानाही चुकलेले असते. कानाची ही परीक्षा घेण्यास व्याकरणाचा मोठा अभ्यास लागत नाही.

एवढे करूनही लिहिलेले साधारण उतरले, तर काय बिघडले? वहीतील साधारण लेख पुन्हा लिहिता येतो. मनात राहिलेला उत्कृष्ट लेख कोणालाच वाचता येत नाही. आणि जे मनात राहते, ते फार काळ राहतेच असे नाही. १९४२ साली चिमूरच्या रस्त्यावर दहा वर्षांचा असलेला मुलगा २०२२ मध्ये नव्वद वर्षांचा झाला. त्या दिवसांच्या काही हकीकती सरकारी कागदपत्रांत आहेत, काही पुस्तकांत आहेत; परंतु कोणत्या घरात कोणी कोणाला लपविले, कोणत्या आईने रात्रभर दार धरून ठेवले, दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटली, हे ज्यांनी पाहिले त्यांच्यापैकी फारच थोडे आता उरले आहेत. त्यांच्या नातवंडांना लिहितावाचता येते. ज्यांनी विचारून लिहून घेतले असेल, त्यांच्या घरी ती आठवण शिल्लक राहील. ज्यांनी 'सुटीत लिहू' म्हटले असेल, त्यांच्या घरी ती कदाचित राहणार नाही.

हे चिमूरपुरतेच खरे आहे असे नाही. प्रत्येक गावात असे काही घडलेले असते आणि प्रत्येक घरात असे काही जपलेले असते. दुष्काळाचे वर्ष, पुराची रात्र, गावात आलेली पहिली मोटार, शाळा बांधण्यासाठी लोकांनी केलेले श्रमदान, आजीच्या तोंडची जात्यावरची गाणी, आजोबांना ठाऊक असलेली रानातील औषधे, या गोष्टी लिहून ठेवण्यास कोणी थोर साहित्यिक बाहेरून येण्याची शक्यता थोडी. ते काम ज्याच्याजवळ वही आहे आणि ज्याला ती माणसे भेटतात, त्याचेच आहे. त्यासाठी तीनचार इयत्तांचे शिक्षण पुरते, हे चिमूरच्या रानात राहिलेल्या एका माणसाने दाखवून दिले आहे. वेळ थोडा असेल तर थोडे लिहावे. जागा नसेल तर ओट्यावर बसावे. शब्द अडला तर घरचा शब्द घालावा. आजी सायंकाळी अंगणात बसलेली असेल, तर वही घेऊन तिच्याजवळ जावे आणि पहिला प्रश्न विचारावा.